जुनं लाकडी घर घेताय? छत सोडा, आधी खांबाचे पाय बघा

जुन्या लाकडी सांगाड्याचं घर बघायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, 'बापरे, छत किती खाली आहे!' मीही तेच म्हटलं आणि पूर्ण वेळ वरच बघत फिरलो, खरं तर बघायला हवं होतं खाली. अशा घरात वजन खांब आणि तुळयांवर असतं, भिंती म्हणजे बहुतेक वेळा मधली भर, आणि खांब सडायला लागतो तो बुडापासून.

तर जाताना टॉर्च, एक पातळ स्क्रूड्रायव्हर आणि मिळाला तर मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा मोजणारं यंत्र) न्या, जमलं तर पाऊस पडत असतानाच जा. मालकाला विचारून खांबाच्या बुडाशी, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे आणि बाथरूमखालच्या लाकडात टोचून बघा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं, सडक्यात सहज घुसतं. मीटर २० टक्क्यांच्या वर जात असेल तर बुरशीला रान मोकळं आहे, पाणी कुठून येतंय ते कळेपर्यंत सौदा करू नका. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर कीड, पण ती केव्हाच मेलेली असू शकते, म्हणून भुसा झाडून खाली काळा कागद ठेवायचा आणि काही दिवसांनी परत बघायचं, नवा भुसा पडला म्हणजे आत कोणीतरी जेवतंय.

जमीन कललेली असली तर लगेच पळू नका, दार बघा. वाकड्या चौकटीत बसावं म्हणून दारच तिरकं तासलेलं असेल आणि त्या कडेवर रंगाचे जुने थर असतील तर घर केव्हाच कललंय आणि बहुतेक तिथेच थांबलंय. भेगा ताज्या, स्वच्छ कडांच्या असतील तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि तोही जुन्या लाकडात काम केलेला, नाहीतर सरळ 'पाडा' म्हणून मोकळा होईल. घर हेरिटेज यादीत आहे का, आणि लोन-इन्शुरन्स मिळेल का, हे टोकन द्यायच्या आधी विचारा.

कामात पाणी पहिलं. छप्पर, पन्हळी, खांबाच्या बुडाशी चढलेली माती, हे उरकल्याशिवाय आतल्या रंगाचं बोलूच नका. मग सांगाडा. बूड सडलं म्हणून अख्खा खांब बदलायची गरज नसते, तुळईला टेकू देऊन सडकं तेवढं कापतात आणि त्याच जातीचं नीट वाळलेलं लाकूड सांधा करून जोडतात, पण हे काम सांधे जाणणाऱ्या सुताराचंच. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

आता माझी चूक. मी बाहेरून सिमेंट प्लास्टर करून घेतलं, छान गुळगुळीत. लाकूड ओलाव्याप्रमाणे फुगतं-आकसतं, सिमेंट तसं हलत नाही, कडेने बारीक भेग पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाटच नाही. सगळं फोडून चुन्याचं करावं लागलं, दोनदा खर्च. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो.

आणि राहिलं ते छत. उंची वाढवायला आडवी तुळई कापायची आयडिया कोणीतरी देतोच. नको! ती बऱ्याचदा दोन्ही बाजू बांधून धरत असते, कापली की भिंती बाहेर फाकतात. जमीन खोदून उंची मिळते, पण जुने पाये उथळ असतात, इंजिनिअरशिवाय कुदळ लावू नका. त्यापेक्षा आधी कोणी फॉल्स सीलिंग मारलंय का बघा, ते काढलं की कधी कधी सहा इंच फुकटात मिळतात. जुन्या फ्लोअरिंगवर नवीन टाइल्स चढवू नका, उंचीही जाते आणि वजनही वाढतं. दिवे भिंतीवर घ्या, तुळयांमधली जागा पांढरी ठेवा, फर्निचर बुटकं. पंख्याची पाती जमिनीपासून सात फुटांच्या खाली येत असतील तर छताचा पंखा विसरा, भिंतीवरचा लावा.

लाकडाला जवसाचं तेल लावलंत तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

सगळ्यात खालच्या तुळईला मी फोम लावलाय. घरचे आता झोपेतसुद्धा वाकून जातात, पाहुण्यांना दारातच सांगतो आणि ते 'हो हो' म्हणत आपटतातच.