‘काहीही विचारा’ सत्र: नावडत्या प्रश्नांची तयारी आधी

ऑनलाइन समुदायात ठरलेल्या वेळी बसून लोकांच्या प्रश्नांना लेखी उत्तरं द्यायची, याला एएमए म्हणतात. ‘आस्क मी एनिथिंग’चं हे लघुरूप रेडिट या चर्चेच्या साइटवर रुळलं. ऑगस्ट २०१२ मध्ये बराक ओबामा तिथे आले, तेव्हा गर्दीने साइट कोलमडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अभिनेते वुडी हॅरेल्सन यांचं सत्र मात्र फसलं. प्रश्न कुठलाही असो, गाडी नव्या चित्रपटावरच येत होती आणि वाचणारे भडकले.

आपल्या कंपनीसाठी असं सत्र घ्यायचं असेल, तर तुमचे ग्राहक आधीपासून जिथे गप्पा मारतात तो समुदाय निवडा. सदस्यसंख्येला भुलू नका. रोज किती धाग्यांवर (म्हणजे पोस्ट आणि तिच्याखालची उत्तरं) खरी चर्चा होते ते बघा. नियम वाचा आणि दोन-तीन आठवडे आधी मॉडरेटरना, म्हणजे समुदाय सांभाळणाऱ्यांना लिहा. न विचारता टाकलेली पोस्ट बहुधा उडवली जाते. सत्राच्याच दिवशी उघडलेलं खातंही संशयास्पद वाटतं, म्हणून तोवर इतरांच्या प्रश्नांना मदत करत राहा. ओळख पटवायला खात्याचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद हातात धरून फोटो काढा.

शीर्षकात कंपनीचं नाव नको, काम हवं. ‘आम्ही अमुक ब्रँड, विचारा’ यापेक्षा ‘बारा वर्षं सायकलच्या फ्रेम वेल्ड करतोय, विचारा’ यावर माणूस थांबतो.

खरी मेहनत नावडत्या प्रश्नांवर घ्या. किंमत इतकी का? परतावा का अडकला? प्रतिस्पर्ध्याचा माल तुमच्यापेक्षा बरा नाही का? असे पंधरा प्रश्न काढा आणि प्रत्येकाचे फक्त मुद्दे लिहा. तयार उत्तर चिकटवलं की ते प्रसिद्धिपत्रकासारखं वाजतं. काय सांगायची मुभा आहे, हे कायदा विभागाकडून आदल्या दिवशीच ठरवून घ्या. सत्र चालू असताना मंजुरीची वाट बघितली तर धागा थंड पडतो.

पोस्ट तासभर आधी टाका, म्हणजे बसाल तेव्हा प्रश्न साचलेले असतील. दोन माणसं लागतात: एक उत्तरं लिहिणारा (विषय जाणणारा हवा, जाहिरात विभागातला नव्हे), दुसरा प्रश्न निवडणारा. वाचकांची सर्वाधिक मतं मिळालेला प्रश्न बोचरा असला तरी आधी तोच घ्या. तो टाळला की खाली ‘याचं उत्तर कुठाय?’ची रांग लागते आणि बाकीची चांगली उत्तरं कुणी वाचत नाही. चूक झाली असेल तर काय बदललं आणि कधी, ते सांगा.

आपल्याच माणसांना प्रश्न विचारायला लावू नका, मतंही मागू नका. रेडिटवर मतांची अशी जुळवाजुळव नियमबाह्य आहे, खातं बंद होऊ शकतं.

तुमच्या साइटची लिंक एकच, पोस्टच्या शेवटी, आणि यूटीएम खूण (वाचक कुठून आला ते सांगणारा, लिंकच्या शेवटी जोडायचा मजकूर) जोडलेली, म्हणजे तिथून किती जण आले ते वेगळं मोजता येईल. दुसऱ्या दिवशी परत येऊन राहिलेले प्रश्न उरका. जो प्रश्न तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला, त्याचं उत्तर तुमच्या उत्पादनाच्या पानावर नाही. ते त्याच आठवड्यात तिथे घाला.