टोमॅटोची पानं बिघडली? फवारणीआधी या चुका टाळा

पान पिवळं दिसलं की दुकानातून औषध आणून मारायचं, ही परसातल्या माळव्याची सगळ्यात मोठी चूक. बिघाड खालच्या पानांपासून चढतोय की शेंड्यापासून, हे आधी बघा. निम्मं निदान तिथंच होतं.

खालच्या पानांवर तपकिरी डाग आणि डागात वर्तुळात वर्तुळ दिसलं, तर तो लवकर येणारा करपा. बेळगाव-खानापूरच्या पावसात तो हमखास येतो. त्याची बुरशी मातीतल्या जुन्या पाल्यात राहते आणि थेंबांबरोबर उडून खालच्या पानांवर बसते. म्हणून नुसत्या फवारणीनं भागत नाही. डागाळलेली पानं काढून जाळा, रोप वाढलं की खालचा एक फूट बुंधा मोकळा ठेवा आणि मातीवर उसाचं पाचट पसरा. पाणी सकाळी, बुंध्याशीच. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला २ ते २.५ ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंना बसेल असं फवारा. जुने डाग त्यानं जात नाहीत. नवी पानं स्वच्छ आली, की गुण आला असं समजा. फवारणीनंतर किती दिवसांनी फळं तोडायची, ते पाकिटावर वाचल्याशिवाय हात लावू नका.

शेंड्याची पानं बारीक, पिवळट, आकसलेली आणि रोप खुजं? हा पर्णगुच्छ. विषाणू पांढरी माशी आणते, त्यामुळे बुरशीनाशक इथं वाया जातं. असं रोप बरं होत नाही. जीव अडकतो, पण उपटाच. शेजारच्या रोपांवर संध्याकाळी निंबोळी तेल फवारा: ५ मिली तेल आधी १ मिली पातळ साबणात घोटा, मग लिटरभर पाणी. साबण नसेल तर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात.

खालची पानं हिरवीच, जाडसर, वर गुंडाळलेली असतील तर तो रोग नव्हे. ऊन किंवा पाण्याची ओढाताण आहे, औषध नको.

अथणी-रायबागकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या दिसतात. ही लोहाची कमतरता. युरियानं जात नाही, चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारावं लागतं. हीच खूण जुन्या, खालच्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम.

निपाणी भागात आणखी एक जपा. तंबाखू किंवा मशेरी हाताळून तसेच फुटवे खुडू नका. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे आणणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणू तंबाखूत असू शकतो आणि तो हातानं पसरतो. आधी साबणानं हात धुवा.