रिमोट डेस्कटॉप: अक्षरं बारीक की अंधुक?

आयटी सपोर्टमध्ये नव्याने लागलेल्यांकडे ही तक्रार हमखास येते: ‘नवा लॅपटॉप मिळाला आणि सर्व्हरवरचं काही नीट दिसत नाही.’ रिमोट डेस्कटॉप म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरची (इथे पलीकडच्या सर्व्हरची) विंडोज आपल्या स्क्रीनवर एका खिडकीत उघडून वापरणं. लगेच रिझोल्यूशन बदलायला धावू नका. आधी विचारा, अक्षरं बारीक दिसतात की अंधुक? दुखणी दोन आहेत आणि औषधंही वेगळी. स्क्रीनशॉटवर तर अजिबात विसंबू नका. ३८४० पिक्सेल रुंदीचं चित्र तुमच्या साध्या मॉनिटरवर मोठं आणि ठणठणीत दिसतं.

बारीक अक्षरांचं गणित सोपं आहे. १४ इंची ४के स्क्रीनवर (३८४० × २१६०) दर इंचाला साधारण ३१५ पिक्सेल बसतात. विंडोज १०० टक्के स्केलला (स्केल म्हणजे अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) दर इंचाला ९६ पिक्सेल धरून चालतं. म्हणजे लॅपटॉपचं स्केल सेशनपर्यंत (सर्व्हरवर चालू असलेल्या लॉगिनपर्यंत) पोचलं नाही, तर अक्षराचा तिसरा हिस्साही उरत नाही. लॅपटॉपवरचं बाकी सगळं ठीक आणि फक्त रिमोट खिडकीतलं बारीक, तर नेमकं हेच झालंय.

का झालं, ते दोन ठिकाणी शोधा. पहिलं, पलीकडची विंडोज किती जुनी आहे? लॅपटॉपचं स्केल सेशनला मिळतं ते विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून पुढे. विंडोज ७ किंवा सर्व्हर २००८ आर२ ते घेतच नाहीत. दुसरं कारण जास्त वेळा सापडतं आणि नवखे तिथेच फसतात: सेशन जुनंच असतं. सकाळी ऑफिसच्या १०० टक्केवाल्या मॉनिटरवरून लॉगिन केलं, निघताना खिडकीची फुली दाबली, रात्री घरून ४के लॅपटॉपवरून पुन्हा जोडलं. फुलीने फक्त जोडणी तुटते, सेशन चालूच राहतं. बरेच जुने प्रोग्रॅम सुरू होताना जे डीपीआय (दर इंचाचे पिक्सेल) वाचतात, तेच शेवटपर्यंत धरून बसतात. उपाय: काम सेव्ह करून घ्या, आतून स्टार्ट मेन्यूतून साइन आउट करा, मग पुन्हा जोडा. सेव्ह झालंय याची खात्री केल्याशिवाय दुसऱ्याचं सेशन तुम्ही बाहेरून लॉगऑफ करू नका.

सेशनच्या आत डिस्प्ले सेटिंग बंद दिसतं. तो बिघाड नाही. स्केल लॅपटॉपकडून येतं, म्हणून बदलायचं तर लॅपटॉपवर.

पलीकडचा सर्व्हर जुनाच असेल, तर रिमोट खिडकीच्या टायटल बारमधल्या चिन्हावर क्लिक करा आणि मेन्यूत झूम मिळतो का पाहा. नाहीतर कनेक्ट करण्याआधी रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या डिस्प्ले टॅबमध्ये १९२० × १०८० ठेवा, जोडल्यावर त्याच मेन्यूतलं स्मार्ट सायझिंग चालू करा आणि खिडकी मोठी करा. दर वेळी करायचं नसेल, तर सेव्ह केलेली आरडीपी फाइल (जोडणीची सेटिंग्ज ठेवणारी) नोटपॅडमध्ये उघडून स्मार्ट सायझिंगच्या ओळीतला शेवटचा आकडा १ करा. चित्र ताणलं जाणार, त्यामुळे कडा थोड्या मऊ दिसणारच. वापरणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ‘अंधुक दिसतं’ म्हणून नवं तिकीट (तक्रारीची नोंद) येईल.

आता अंधुक. सगळीच खिडकी अंधुक असेल, तर ताणणं लॅपटॉपवर होतंय: एकतर स्मार्ट सायझिंग चालू आहे, किंवा कुणीतरी रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्रॅमलाच कंपॅटिबिलिटी टॅबमधून हाय डीपीआयचं ओव्हरराइड (स्केलिंगची नेहमीची पद्धत बदलणारं सेटिंग) लावून ठेवलंय. ते काढा. एकच प्रोग्रॅम अंधुक असेल, तर दोष पलीकडे. तिथे त्या प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज या वाटेने जा आणि ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ करून पाहा. काही प्रोग्रॅमना त्याचा उपयोग होतो, काहींना नाही. ‘ॲप्लिकेशन’ निवडलं तर अक्षरं धारदार होतात, पण अकाउंटिंगच्या जुन्या पॅकेजात बटणं कापली जातात किंवा सगळंच बारीक होतं.

अक्षरं अंधुक नसून दातेरी असतील, तर स्केलिंगचा संबंधच नाही. रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या एक्स्पिरियन्स टॅबमधलं फॉन्ट स्मूदिंग तपासा.

मधल्या जंप सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर जात असाल, तर प्रत्येक टप्पा आपलं स्केल पुढच्याला देतो. मधलाच जुना असेल, तर पलीकडचा कितीही नवा असून फायदा नाही. म्हणून तिकिटात लॅपटॉपचं स्केल, प्रत्येक टप्प्याची विंडोज आवृत्ती आणि साइन आउट करून पाहिलं का, एवढं पहिल्याच नोंदीत लिहा.