शेवटच्या ट्रॅकवर फाटणारं व्हायोलिन: माझा अनुभव

1950च्या दशकातली मोनो (एकाच चॅनलची) रेकॉर्ड, बाखची एकट्या व्हायोलिनसाठीची रचना, डी मायनर पार्टिटा. सुरुवात स्वच्छ, पण बाजू संपताना शाकॉनमध्ये, म्हणजे तिच्या शेवटच्या भागात, वरच्या तारेवरचा प्रत्येक सूर चरचरायचा. रेकॉर्ड झिजली असं धरून चाललो होतो. आधी धुतली, कचकच कमी झाली, फाटणं तसंच.

मग कारण उमगलं. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या ठरलेल्या वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलपाशी जेमतेम 21. तेच सूर तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात. व्हायोलिनमध्ये तर वरचे स्वरांश इतके भरगच्च, की सुईचा कोन जरा चुकला तरी पहिला फटका त्यालाच बसतो. पियानोच्या रेकॉर्डवर मला हे कधी जाणवलंच नव्हतं!

आरशाचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन तपासायची दोन बिंदू आखलेली पट्टी, ठेवला. आतल्या बिंदूवर कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) स्पष्ट तिरकं दिसत होतं. स्क्रू सैल करून केसभर फिरवलं, दोन्ही बिंदूंवर रेषेत आणलं. वजनकाट्यावर सुईचा दाब 1.6 ग्रॅम भरला. कार्ट्रिजच्या शिफारशीप्रमाणे 2 केला. हलक्या दाबाने रेकॉर्ड वाचते हा माझा गैरसमज होता. सुई खाचेत उडते आणि उलट जास्त ओरबाडते.

शेवटी ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलं. दोन्ही चॅनल एकत्र झाले की खाचेतला उभ्या हालचालीचा आवाज, जो मोनो रेकॉर्डवर नुसती खरखर असतो, एकमेकांत विरतो.

आता शाकॉनच्या शेवटच्या सुरात गज तारेवरून उचललेलाही ऐकू येतो.