थंडीत जुनी छोटी गाडी: ॲव्हरेज आणि पकड

थंडी पडली की जुन्या गाडीचं ॲव्हरेज उतरतं. मग पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटल्या, महागडे स्पार्क प्लग आणि 'सकाळी दहा मिनिटं गाडी तापवून घे' असे सल्ले सुरू होतात. त्यातल्या बहुतेक गोष्टींची गरज नसते. दहा-बारा वर्षं चाललेल्या छोट्या गाडीत इंधन जास्त जाणं आणि रस्त्यावर गाडी सुटणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण तपासायच्या जागा त्याच आहेत. इंजिन पुरेसं तापतं का, चारही चाकं मोकळी फिरतात का आणि टायरची स्थिती काय, हे आधी बघायचं. पैसे खर्च करायचे ते त्यानंतर.

आता मुळात किती घट रास्त मानायची? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज २५ अंशांपेक्षा उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्के कमी पडतं. फेरी जेमतेम पाच-सहा किलोमीटरची असेल तर घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. थंड ऑइल घट्ट असतं, इंजिन तापेपर्यंत पेट्रोल जास्त सोडलं जातं, हवा जड झाल्यामुळे हायवेवर विरोध वाढतो आणि काच-हीटर-दिवे यांचा भार अल्टरनेटरवर (इंजिनवर चालणाऱ्या जनित्रावर) येतो. तेव्हा १० ते १५ टक्के घट म्हणजे बिघाड नव्हे. लांबच्या सलग प्रवासातही २०-२५ टक्के घट दिसली तर मात्र काहीतरी बिघडलंय.

मोजताना टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, पहिल्या कटऑफला (नोझल आपोआप बंद होईल तिथे) थांबून पुन्हा फुल करा. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन टाक्यांची सरासरी धरा. डॅशबोर्डवरचा आकडा जुन्या गाड्यांत बहुधा जरा उदारच असतो.

इंजिन तापतं का?

हिवाळ्यात इंधन खाणारा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणं हे त्याचं काम. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान उघडतो. जुना झाल्यावर तो कधीकधी उघडाच अडकतो. मग इंजिन कोमटच राहतं, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून तापतेय आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. याची खूण अशी की ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा बरोबर मध्यावर असतो आणि हायवेला लागलं की खाली घसरतो. हीटरची हवाही तेव्हा गार होते.

घरच्या घरी तपासायचं तर रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन चालू करा आणि रेडिएटरला वरून येणाऱ्या जाड पाइपला अधूनमधून हात लावून बघा. बाही आणि बोटं पंख्यापासून लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो. पहिली काही मिनिटं पाइप थंड राहून नंतर एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपच्या तोंडाशी असतो, तिथे ही खूण फसवते. ओबीडी पोर्ट (बिघाड तपासायचं सॉकेट) असेल तर साधा स्कॅनर जोडून कूलंटचं तापमान बघणं जास्त खात्रीचं. पंधरा मिनिटं चालवूनही ते ८० च्या आसपास पोचत नसेल, किंवा पी०१२८ हा बिघाडाचा कोड येत असेल, तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर.

सेकंडहँड गाडीत आणखी एक गंमत आढळते. आधीच्या मालकाकडे गाडी गरम व्हायची म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असतो! हा 'उपाय' उन्हाळ्यात खपून जातो आणि हिवाळ्यात दर टाकीला वसूल होतो. नवा बसवताना कंपनीने सांगितलेल्या तापमानाचाच घ्या, सील नवं टाका आणि त्यावर छोटी हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा. त्यातूनच अडकलेली हवा बाहेर पडते. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून सिस्टिममधली हवा काढा. हवा राहिली तर काटा वेडावाकडा नाचतो आणि हीटर गार राहतो.

स्कॅनर हातात आहेच तर सकाळी इंजिन चालू करण्याआधी कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान ताडून बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी हवीत. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. कूलंटचा सेन्सर स्वस्त असतो आणि बदलायला सोपा. त्यामुळे ॲव्हरेजसाठी ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायची घाई करण्याआधी तो तपासा.

कूलंटच्या जागी नुसतं पाणी असेल तर ते पहिल्यांदा काढा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिन ब्लॉक फोडू शकतं. इथिलीन ग्लायकॉल (कूलंटचा मूळ घटक) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं की मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकतं. ग्लायकॉल जास्त घातलं म्हणजे जास्त संरक्षण, असं नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. रंगावरून जात ठरवू नका, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

ऑइलच्या ग्रेडमध्ये (उदा. ५डब्ल्यू-३०) डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहाचा. १५डब्ल्यूची सेल्फ मारतानाची चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. मॅन्युअलमध्ये दोन्ही चालत असतील तर थंडीत ५डब्ल्यू-३० घ्या. छोट्या फेऱ्यांमध्ये फरक कळतो. मॅन्युअलमध्ये नसलेलं पातळ ऑइल मात्र ॲव्हरेजच्या लोभाने टाकू नका.

सकाळी गाडी उभी ठेवून तापवणं हा शुद्ध अपव्यय आहे. आयडलवर इंजिन फार सावकाश तापतं आणि तेवढ्या वेळात ॲव्हरेज शून्य. चालू केल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबा, काचा स्वच्छ करा आणि निघा. पहिली चार-पाच किलोमीटर २५०० आरपीएमच्या आत, हलक्या पायाने. दिवसभराच्या छोट्या कामांच्या तीन फेऱ्या एकत्र जोडल्या तर कोणत्याही ॲडिटिव्हपेक्षा जास्त पेट्रोल वाचतं.

चाक मोकळं आहे का?

अडकलेला ब्रेक पेट्रोल खातोच, शिवाय निसरड्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढतो. दोन्ही तक्रारी ब्रेकच्या एकाच पिनमुळे, असं पुष्कळदा होतं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून शेवटी ब्रेक फारसा न दाबता गाडी थांबू द्या आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथेच घोळ आहे. मग सपाट जागी दुसऱ्या चाकांना अडसर लावून ते चाक जॅकवर उचला, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. डिस्कला पॅडचा किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण ढकलल्यावर चाक एक फेराही घेत नसेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडावा लागेल. पुढचं चाक असेल तर गिअरबॉक्सचा थोडा विरोध जमेस धरा.

बहुतेक वेळा कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजलेल्या असतात. त्या काढून स्वच्छ करा, रबरी बूट फाटलेले असतील तर बदला आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं ग्रीस रबराला फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. मागच्या ड्रममध्ये संशयित म्हणजे हँडब्रेकची केबल. तिच्या आवरणात पाणी शिरलं की गोठणाऱ्या थंडीत ती सुटतच नाही. अशा रात्री सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडसर लावा.

टायर

तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने (दाबाचं एकक) कमी होतो. दुपारच्या ३० अंशांत ३२ भरलेला टायर पहाटे ५ अंशांना साडेसत्तावीसच्या आसपास असतो. ॲव्हरेजवर याचा परिणाम लोक समजतात तेवढा नाही: चारही टायर १ पीएसआय कमी असले तर सुमारे ०.२ टक्के. म्हणजे साडेचार पीएसआय कमी असूनही नुकसान एक टक्क्याच्या आतच. खरं नुकसान पकडीचं आहे. मऊ टायर वळणावर वाकतो, कडा झिजतात आणि स्टिअरिंग सुस्त होतं. दाब सकाळी थंड टायरवर मोजा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढचा-मागचा वेगळा आकडा असेल तर तसाच ठेवा. ॲव्हरेजसाठी चार-पाच पीएसआय जास्त भरायची युक्ती थंडीत सोडून द्या. वाचलेले थेंब ब्रेक मारताना महाग पडतात.

टायरच्या बाजूवर डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. ३४१९ म्हणजे टायर २०१९ च्या ३४ व्या आठवड्यात बनलेला. खाच भरपूर शिल्लक असली तरी दहा वर्षांचं रबर थंडीत दगडासारखं वागतं. पाणी असेल तिथे ३ मिमी, बर्फात ४ मिमीच्या खाली खाच गेली की टायर बदला. १.६ मिमी ही बऱ्याच देशांतली कायद्याची हद्द आहे, सुरक्षिततेची नव्हे. सात अंशांच्या खाली सतत चालवायचं असेल तर डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले हिवाळी टायर चारही चाकांना घाला. फक्त पुढच्या दोन चाकांना घातले तर गाडी जोरात निघते आणि वळणावर मागून फिरते. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर तेही मागे लावा आणि पुढचे त्यामानाने बरे आहेत ना, हे बघा.

आता टायरवर आडवा तळहात फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने बोटांना धार लागली तर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलाय. चाकं किंचित तिरकी घासत चालली आहेत, म्हणजे इंधनही जातंय आणि पकडही. अलाइनमेंटआधी लोअर आर्मचे बुश (चाकाच्या जोडणीतले रबरी सांधे) आणि टाय रॉडचे (स्टिअरिंगच्या दांड्याचे) टोक हलवून बघायला सांगा. बुश ढिला असताना केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात जातं.

चालवताना

५० च्या वेगाने कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर सुमारे ५० मीटर लागतात, काचेसारख्या बर्फावर जवळपास १००. तुम्ही ब्रेकपर्यंत पाय नेईपर्यंतच्या एका सेकंदाचे १४ मीटर वेगळे. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंडी लागते. आणि शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ कडक थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त घसरतो.

निघताना दुसरा गिअर, क्लच हळू. ब्रेक, स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी वापरू नका: वेग वळणाआधी कमी करा. पुढची चाकं सरळ सरकत चालली तर स्टिअरिंग आणखी वळवू नका. पाय काढा, स्टिअरिंग थोडं सैल सोडा, पकड परत येते. मागचा भाग फिरला तर ॲक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा, नजर जायचं आहे तिकडे ठेवा आणि स्टिअरिंग तिकडेच वळवा. एबीएस (चाक अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर पेडल जोरात दाबून धरून ठेवा, पायाखाली थरथर जाणवणारच. एबीएस नसेल तर चाक अडकताच थोडं सोडून पुन्हा दाबा.

आतून काच धुरकट होत असेल तर रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद करा, एसी चालू करा आणि हवा गरम ठेवा. एसी हवेतली ओल काढतो. तरी रोज सकाळी काच धुरकट असेल तर पायाखालची मॅट उचला. खालचा गालिचा ओला असेल, तर विंडशील्डखालच्या पाणी जायच्या नळ्या पाल्याने तुंबल्या आहेत.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर तिचे दिवस भरले. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.६ दिसत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी अल्टरनेटरचा बेल्ट आणि अर्थच्या वायरचं टोक बघा. डिस्चार्ज झालेली बॅटरी लवकर गोठते. गोठलेली कधीही चार्जरला लावू नका, आधी उबेत सुटू द्या.

डिझेल गाडीत फिल्टरमधलं पाणी थंडी सुरू होण्याआधी काढा आणि हिवाळी डिझेल मिळत असेल तिथे तेच भरा. मेण धरलेल्या डिझेलने फिल्टर तुंबला की सेल्फ चांगला फिरूनही गाडी सुरू होत नाही. सेल्फ फिरतोय पण पांढरा धूर येऊन गाडी पकडत नसेल, तर ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन तापवणारे प्लग) एकेक काढून तपासा. बहुधा चारपैकी दोन गेलेले निघतात.