किशोरवयात इस्लाम स्वीकारल्यावर: कलम्यापासून पाच वेळच्या नमाजेपर्यंत

कलमा, म्हणजे इस्लाम स्वीकारण्याची साक्ष, म्हणायला दहा सेकंद पुरतात. पाच वेळची नमाज अंगवळणी पडायला मात्र महिने जातात. चौदा-सतरा वर्षांची मुलंमुली इस्लाममध्ये येतात तेव्हा अडखळतात ती बहुधा घाईपायी. आठवड्याभरात नाव बदलायचं, कपडे बदलायचे, जुने मित्र सोडायचे, फर्ज म्हणजे सक्तीच्या नमाजांसोबत सुन्नत आणि नफ्ल या जास्तीच्या नमाजाही पढायच्या, आणि महिन्याभराने दमून सगळंच बाजूला पडतं. त्यामुळे इथे जेवढं आवश्यक आहे तेवढंच दिलं आहे, ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने.

कलम्याच्या आधी

कुराणातली २:२५६ ही आयत सांगते की धर्मात जबरदस्ती नाही. ती दोन्ही बाजूंना लागू आहे. तुम्हाला कोणी अडवून धरू नये, तसं कोणी ढकलूही नये. मनात शंका असेल तर वाचत राहा, विचारत राहा; याला अंतिम मुदत नसते. कलम्याला पैसे लागत नाहीत, कागदावर सही लागत नाही. ‘आधी घर सोड’, ‘कागदपत्रं माझ्याकडे दे’, ‘लग्नासाठी हे करावंच लागेल’, ‘माझ्याशिवाय कोणाशी बोलू नकोस’ असं कोणी म्हणू लागलं, मग ती व्यक्ती कितीही धार्मिक दिसो, तिथून बाजूला व्हा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा.

कायद्याची गोष्ट वेगळी. सज्ञान होण्याचं वय बहुतेक देशांत १८ आहे. त्याआधी सरकारी नोंदीत धर्म किंवा नाव बदलायला पालकांची संमती लागू शकते, आणि काही ठिकाणी धर्मांतरासाठी स्वतंत्र कायदे आहेत. आपल्याकडचा नियम नीट समजून घेतल्याशिवाय कशावरही सही करू नका. शरियतच्या दृष्टीने कलमा खरा ठरायला प्रमाणपत्र लागत नाही. ते पुढे हज किंवा निकाहाच्या वेळी कामी येतं, तेव्हा ते सावकाश झालं तरी चालतं.

कलमा असा आहे: ‘अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाह, व अश्हदु अन्न मुहम्मदर्रसूलुल्लाह.’ मी साक्ष देतो की अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही, आणि साक्ष देतो की मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत. अर्थ समजून, मनापासून म्हटला की झालं. साक्षीदार असले तर चांगलं, पण ती अट नाही. त्यानंतर गुसल, म्हणजे सर्वांगाला पाणी लागेल अशी आंघोळ. सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी मालिकी आणि हंबली मताप्रमाणे ती आवश्यक आहे, हनफी आणि शाफिई मताप्रमाणे साधारणपणे इष्ट. वाद घालण्यापेक्षा आंघोळ करून टाकणं सोपं.

नाव बदलणं सक्तीचं नाही. नावाचा अर्थच एकेश्वरवादाच्या विरोधात जात असेल तर वेगळा विचार करतात. मुलांची सुंता ही मुसलमान होण्याची अट नाही. तो डॉक्टरांशी बोलून पुढे ठरवायचा विषय आहे. इस्लाममध्ये येण्याआधीच्या नमाजांची कजा, म्हणजे मागाहून भरपाई, करावी लागत नाही, हिशेब आजपासून सुरू होतो.

घरात सांगायचं कसं

प्रेषित मुहम्मदांचे सोबती साद बिन अबी वक्कास यांनी इस्लाम स्वीकारला तेव्हा ते सतरा वर्षांच्या आसपास होते. आईने अन्नपाणी सोडलं. त्या प्रसंगाशी जोडली जाणारी ३१:१५ ही आयत सांगते की आईवडिलांनी अल्लाहला भागीदार जोडायला लावलं तर ते मानू नका, पण या जगात त्यांच्याशी भलेपणाने वागा. आयतीचा पहिला भाग नव्या मुलांना पटकन पाठ होतो. दुसरा भाग रोज जगावा लागतो.

आईवडिलांची पहिली भीती बहुधा धर्मशास्त्राची नसते. मूल कोणाच्या तरी नादी लागलं, आता आपलं राहणार नाही, ही भीती असते. म्हणून बातमी आणि नियम एकाच दिवशी सांगू नका. ‘मी हे मानतो’ एवढंच आधी सांगा. ‘आता मी तुमच्या ताटातलं खाणार नाही’ हे त्याच बैठकीत नको. घरातल्या देवांवर, सणांवर, आजीच्या पूजेवर शेरेबाजी तर अजिबात नको. ६:१०८ मध्ये इतरांच्या आराध्यांना अपशब्द बोलायला स्पष्ट मनाई आहे. अभ्यास आणि घरातली कामं पहिल्यापेक्षा चोख ठेवा. पालक बोलण्यापेक्षा ते जास्त बघतात.

मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी खरी भीती असेल तर सांगण्याची घाई करू नका. श्रद्धा मनात ठेवणं हे खोटेपण नाही. जिवावर बेतलं असता मनात ईमान, म्हणजे श्रद्धा, कायम असणाऱ्याला १६:१०६ ने सूट दिली आहे. मक्केत सुरुवातीचे मुसलमान अर्कम यांच्या घरी लपूनच जमत असत. अशा वेळी एखादा समजूतदार नातेवाईक किंवा शाळेतले समुपदेशक यांपैकी कोणाला तरी परिस्थिती माहीत असू द्या.

वजू

नमाजेच्या आधी वजू, म्हणजे ठरलेले अवयव पाण्याने शुद्ध करणं, हवा. त्याचे चार मुख्य भाग ५:६ मध्ये आले आहेत: चेहरा धुणं, कोपरांसह हात धुणं, डोक्यावरून ओला हात फिरवणं म्हणजे मसह, आणि घोट्यांसह पाय धुणं. प्रत्यक्षात क्रम असा: बिस्मिल्लाह म्हणून मनगटापर्यंत हात तीनदा धुवा, तीनदा चूळ भरा, तीनदा नाकात पाणी घेऊन शिंकरा, चेहरा कपाळाच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तीनदा धुवा. मग उजवा हात कोपरासह, नंतर डावा, तीन-तीनदा. डोक्याचा मसह एकदा, त्याच ओल्या बोटांनी कान आतून-बाहेरून. शेवटी उजवा पाय, मग डावा.

चूक होते ती टाचेवर. घाईत पायाचा वरचा भाग भिजतो आणि टाच कोरडी राहते. अशा टाचांबद्दल हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, कडक इशारा आहे. कोपराच्या मागची बाजूही अशीच सुटते. नखांवरचं पॉलिश, गोंद, रंगाचा थर असेल तर पाणी त्वचेपर्यंत पोचत नाही आणि वजू होत नाही. मेंदीचा नुसता रंग चालतो, कारण त्याचा थर नसतो. पाण्याचा नळ सोडून ठेवू नका: प्रेषित एका ‘मुद्द’ पाण्यात वजू करत, म्हणजे साधारण एका ओंजळीत मावेल एवढं, पाऊण लिटरहून थोडं कमी.

लघवी, शौच, वायू सरणं, गाढ झोप, बेशुद्धी यांनी वजू तुटतो. वाहणाऱ्या रक्ताने तो तुटतो असं हनफी मानतात, शाफिई मानत नाहीत. ‘सुटला की काय’ अशी नुसती शंका आली तर वजू शाबूत समजायचा. हा नियम नीट लक्षात ठेवा, नाहीतर दर पाच मिनिटांनी मोरीत जायची सवय लागते आणि तो वसवसा, म्हणजे सतत कुरतडणारी शंका, सुटता सुटत नाही.

वेळा आणि दिशा

रकात म्हणजे नमाजेचं एक आवर्तन. पाच नमाजांच्या फर्ज रकाती मिळून १७: फजर २, जोहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४. पहिले काही महिने एवढ्याच पढा, पण पाचही. सुन्नत नंतर जोडता येतात. दोन रकातींना तीन-चार मिनिटं लागतात, चारांना सहा-सात.

फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत. ॲपमध्ये दिसणारी सूर्योदयाची वेळ ही नमाजेची वेळ नव्हे, ती फजर संपण्याची वेळ आहे. नवीन माणूस इथे हमखास फसतो. जोहर सूर्य माथ्यावरून कलल्यावर. असर वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढल्यावर, हनफी मताने दुप्पट वाढल्यावर. मगरिब सूर्य मावळताच, आणि संधिप्रकाश संपला की इशा. दोन ॲपमध्ये पंधरा-वीस मिनिटांचा फरक दिसला तर घाबरू नका. कोणी फजर-इशासाठी सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असल्याचं धरतं, कोणी १५. असरसाठीही हनफी किंवा इतर असा पर्याय असतो. जवळच्या मशिदीच्या वेळापत्रकाशी जुळेल ती मांडणी निवडा आणि मग तिला हात लावू नका.

किबला म्हणजे मक्केतल्या काबाची दिशा. फोनचा होकायंत्र लोखंडी पलंगाजवळ किंवा चुंबक असलेल्या कव्हरमध्ये चुकतो. एकदा नकाशावर दिशा पाहून खोलीतली खूण ठरवून ठेवा. थोडा कल इकडेतिकडे झाला तरी नमाज होते.

कपडे स्वच्छ हवेत. मुलांनी किमान नाभीपासून गुडघ्यापर्यंत, आणि खांदेही झाकावेत. मुलींनी चेहरा आणि हातांचे पंजे सोडून सर्वांग. सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकताना, शर्ट वर सरकून पाठ उघडी पडते, तेव्हा लांब सदरा बरा. जानमाज, म्हणजे नमाजेची चटई, नसेल तर स्वच्छ टॉवेल किंवा स्वच्छ फरशी चालते.

दोन रकाती, पायरीपायरीने

किबल्याकडे तोंड करून उभे राहा. कुठली नमाज आहे हे मनात असलं की नियत झाली, अरबी वाक्य म्हणावं लागत नाही. हात खांद्यांपर्यंत किंवा कानाच्या पाळीपर्यंत उचलून ‘अल्लाहु अकबर’ म्हणा. मग हात बांधा. कोणी नाभीखाली, कोणी छातीखाली बांधतात, मालिकींपैकी बरेच मोकळे सोडतात. मशिदीत शेजारचा वेगळं करताना दिसला तर तो चुकतोय असं धरू नका.

आता सूरा फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, सात आयती, शेवटी आमीन. मग एक छोटी सूरा: कौसर तीन आयतींची, इखलास चार आयतींची. ‘अल्लाहु अकबर’ म्हणत रुकूत जा, म्हणजे कमरेतून वाका. हात गुडघ्यांवर, पाठ सपाट, ‘सुब्हान रब्बियल अज़ीम’ तीनदा. ‘समिअल्लाहु लिमन हमिदह’ म्हणत सरळ उभे राहा, ‘रब्बना लकल हम्द’ म्हणा, क्षणभर स्थिर व्हा. मग सजदा. यात सात जागा जमिनीला टेकतात: नाकासह कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. ‘सुब्हान रब्बियल आला’ तीनदा. उठून बसा, ‘रब्बिग्फिर ली’ म्हणा, पुन्हा तसाच सजदा. एक रकात झाली. उभे राहून दुसरी अशीच करा आणि दुसऱ्या सजद्यानंतर बसा. अत्तहियात आणि दरूद या बसून म्हणायच्या प्रार्थना, मग आधी उजवीकडे आणि नंतर डावीकडे मान वळवून ‘अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह’.

तीन-चार रकातींच्या नमाजेत दुसऱ्या रकातीनंतर फक्त अत्तहियात म्हणून उठायचं. पुढच्या रकातींत नुसती फातिहा पुरते.

प्रेषितांनी एका माणसाला ‘परत जा आणि नमाज पढ, तू नमाज पढलाच नाहीस’ असं सांगितलं, ते वेगामुळे. रुकूनंतर आणि दोन सजद्यांच्या मध्ये अंग थांबत नसेल तर नमाज बिघडते. पाठांतरातल्या चुकीपेक्षा ही चूक गंभीर आहे, आणि वर्षानुवर्षं नमाज पढणारेही ती करतात.

फातिहा रोज एक आयत याप्रमाणे आठवड्यात पाठ होते. तोवर नमाज थांबवायची नाही. पाठ नसणाऱ्याला ‘सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हणायला शिकवल्याची हदीस आहे, तेवढंच म्हणा.

देवनागरीतून पाठ करताना जपून. आपल्या एका ‘क’मध्ये अरबीतली दोन अक्षरं बसतात: घशाकडून येणाऱ्या क़ाफने ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, साध्या काफने ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. ‘अकबर’चं ‘अकबाऽर’ केलं की अर्थ ढोल होतो. सुरुवातीचा ‘अ’ लांबवून ‘आल्लाहु’ म्हटलं तर विधानाचा प्रश्न होतो. फातिहातल्या ‘इय्याक’मधलं जोडाक्षर सोडू नका. ‘अनअम्त’ला ‘अनअम्तु’ म्हणू नका. ‘तू कृपा केलीस’चं ‘मी कृपा केली’ होतं. कागदावरून शिका, पण एखाद्या जाणकाराला ऐकवून दुरुस्त करून घ्या.

अडलं तर

किती रकाती झाल्या आठवत नसेल तर कमी आकडा धरा, उरलेलं पूर्ण करा आणि शेवटी चूक भरून काढणारे दोन सजदे द्या. हनफी पद्धतीत ते एका सलामानंतर देऊन अत्तहियात पुन्हा म्हणतात. झोप लागून किंवा विसरून नमाज गेली तर आठवताच पढा. मासिक पाळीत नमाज माफ आहे, नंतर तिची कजाही नाही. रोज्यांची मात्र असते.

शाळेत जोहर मधल्या सुट्टीत बसते. घरून वजू करून निघालात आणि तो टिकला तर निम्मं काम झालं. असर मात्र थंडीत, दिवस लहान असताना, शाळा सुटेपर्यंत निघून जाऊ शकते. खरीच अडचण असेल तर जोहर-असर किंवा मगरिब-इशा एकत्र करायला हंबली मताने वाव आहे, हनफी घरी राहणाऱ्याला तो देत नाहीत. फजर कशालाच जोडता येत नाही. तिच्यासाठी गजर हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा आणि रात्री फोन लवकर बंद करा.

शुक्रवारी जोहरच्या जागी जुमा असतो: आधी खुतबा म्हणजे प्रवचन, मग इमामामागे दोन रकाती. खुतबा चालू असताना बोलायचं नाही, शेजाऱ्याला ‘गप्प बस’ असंही नाही. उशीर झाला तर रांगेत उभे राहून तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’, म्हणा आणि इमाम ज्या स्थितीत असेल तिथे सामील व्हा. रुकू मिळाला तर ती रकात मिळाली. इमामाने सलाम फेरल्यावर तुम्ही फेरू नका; उठून राहिलेली रकात पूर्ण करा. जुम्याच्या दुसऱ्या रकातीचा रुकूही हुकला असेल तर बहुतेक मतांप्रमाणे उठून जोहरच्या चार रकाती पढायच्या.