मुलांना घेऊन किल्ले-लेणी बघायला निघताय? आमच्या या चुका तुम्ही टाळा

बहिणीकडे संभाजीनगरला मुक्काम होता, तिने पहाटे उठून पुऱ्या तळून दिल्या, सासूबाई, दोन पोरं सगळे गाडीत कोंबले आणि वेरूळला पोचलो तर गेट बंद. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, आणि मी डोक्यात बरोब्बर उलटं धरून बसले होते. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लेण्यांच्या शेजारीच घृष्णेश्वर आहे आणि परतीच्या रस्त्यावर दौलताबाद, म्हणून दिवस वाचला. तर पहिली गोष्ट, निघायच्या आधी वार बघा. घारापुरीही सोमवारी बंद असते.

पण खरी मोठी चूक वेगळीच आहे, ती म्हणजे हावरटपणा. सकाळी रायगड, दुपारी प्रतापगड, संध्याकाळी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी क्रीम, असा प्लॅन आम्हीही केलेला. त्यात पोरांना आठवतं फक्त क्रीम. रायगडाला एकट्याला आख्खा दिवस लागतो हो, आणि तोही कमी पडतो.

आता रायगडाचंच सांगते कारण तिथे आम्ही तीनदा गेलो आणि दोनदा चुकलो. पहिल्यांदा रोपवेने वर, रोपवेने खाली. चार-पाच मिनिटांत वर पोचतो, भारी वाटतं, पण महादरवाजा बघितलाच नाही! आणि गड काय चीज आहे ते त्या दरवाज्यातच कळतं. दोन मोठ्या बुरुजांच्या आड तो असा लपवलाय की शेवटच्या वळणापर्यंत दार कुठाय तेच दिसत नाही, म्हणजे तोफेचा गोळा सरळ दारावर बसणार नाही आणि हत्तीला धडक मारायला जागाच मिळणार नाही. यावर उपाय सोपा आहे, आजी-आजोबांबरोबर रोपवेने वर जा आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी पोरांना घेऊन पायऱ्यांनी उतरा. पायऱ्या दीड हजाराच्या आसपास आहेत, त्यामुळे नवे कोरे बूट किंवा चपला नकोत आणि पावसात तर हा उद्योग नकोच, दगड शेवाळलेले असतात.

दुसरी चूक माझी एकटीची. मी भाषण द्यायचे. ६ जून १६७४, राज्याभिषेक, अष्टप्रधान... पोरगा म्हणाला, "आई, हे चौथीच्या पुस्तकात आहे." गप्प बसले. मग त्याला नगारखान्यात उभं केलं आणि मी लांब सिंहासनाच्या चौथऱ्याजवळ जाऊन बिस्किटाचा पुडा हळूच फाडला. तो तिकडून ओरडला, "मला पण दे!" इतक्या लांबून कागदाचा आवाज ऐकू येतो, मग दरबारात कुजबुज करायची कुणाची टाप होती, हे त्याचं त्यालाच सुचलं. तसंच जगदीश्वराच्या देवळात. तिथे पायरीच्या दगडावर गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव आणि "सेवेचे ठायी तत्पर" असं कोरलंय, लोक त्यावरून न बघताच पुढे जातात. पोरांना सांगायचं, शोधा. आमच्या दोघांनी शोधताना गुडघे काळे करून घेतले पण सापडलं तेव्हा काय तो आनंद.

एक मात्र, गाईड सांगेल ते सगळं इतिहास म्हणून गिळू नका. बाजारपेठेत घोड्यावर बसूनच खरेदी व्हायची म्हणून जोती उंच, असं सांगतात, पण ती दुकानं होती की कारभाऱ्यांची घरं यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. हिरकणीची गोष्ट लोककथा आहे, तशी म्हणून सांगा, त्या कड्यावरून खाली बघितलं की ती आपोआप अंगावर येते.

बाकी किरकोळ. वर सावली जवळजवळ नाही त्यामुळे दुपारी बारा ते तीन पोरं किरकिरतात, सकाळी लवकर चढा. पिठलं-भाकरी हवी तर चढतानाच सांगून ठेवा, ऐनवेळी कोण थापून देणार? सुट्टे पैसे ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि ताकवाल्या मावशी तुमच्याकडे बघत बसतात. कड्याला मोहोळ दिसलं तर आरडाओरडा, सेंट, सिगरेटचा धूर सगळं बंद. आणि भिंतीवर नावं कोरणाऱ्या दादांनो, संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटची चूक, उतरलो की दमून थेट गाडी सुरू करतात. पाचाडला थांबा. जिजाऊंची समाधी तिथेच आहे, राज्याभिषेकानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ जून १६७४ ला, त्या गेल्या. वरची थंड हवा त्यांना सोसायची नाही म्हणून महाराजांनी खाली पाचाडला वाडा बांधून दिला असं सांगतात. धाकटीने हे ऐकून सासूबाईंकडे बघितलं. त्या स्वेटर चापून म्हणाल्या, "मलाही नाही सोसला बाई वरचा वारा, पण मला वाडा नको, चहा सांगा."